'ध्यान करा, सवय लावा, सर्जनशील व्हा': एडीएचडीबद्दलच्या एका दाव्याची तपासणी



मागच्या लेखात आपण गृहीतक कसं मांडायचं ते पाहिलं. आज एक तयार दावा घेऊ आणि तो सुटा करून बघू. दावा असा: एडीएचडी असलेली माणसं मुळातच सर्जनशील असतात, फक्त त्यांचं मन एका जागी टिकत नाही. म्हणून त्यांनी रोज ध्यान करावं आणि चार चांगल्या सवयी लावून घ्याव्यात, म्हणजे ती सर्जनशीलता कामात उतरेल.

पुस्तकांत, व्हिडिओंत, भाषणांत हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकलं असेल. गंमत म्हणजे यातल्या प्रत्येक तुकड्यामागे खरोखरचा पेपर दाखवता येतो. म्हणूनच हा दावा तपासायला घेतलाय. निव्वळ थाप पकडणं सोपं असतं. खऱ्या पेपरांची मोळी बांधून केलेला दावा तपासायला जास्त मेहनत लागते, आणि 'साहित्याचा आढावा' या प्रकरणात आपल्याला नेमकं तेच करायचं असतं.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण पेटची तयारी करत असतील, मानसशास्त्रात किंवा शिक्षणशास्त्रात विषय शोधत असतील. काहींना स्वतःला एडीएचडी असेल, किंवा तशी शंका असेल. मी दोन्हीकडे मोडते. माझं निदान पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी झालं. त्यामुळे हा दावा खरा निघावा असं मला मनापासून वाटतं. आणि जो निष्कर्ष आपल्याला हवाहवासा वाटतो तो दुप्पट कडकपणे तपासायचा असतो.

आधी एक व्याख्या पक्की करू, कारण पुढे ती लागणार आहे. एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निकषांनुसार लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं आहेत आणि अतिचंचलता व आवेगाची नऊ. प्रौढांमध्ये निदानासाठी यांपैकी एका तरी यादीतली किमान पाच लक्षणं लागतात. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, आणि त्यांचा त्रास घर, कॉलेज, नोकरी अशा एकाहून जास्त ठिकाणी होत असावा लागतो. म्हणजे 'हल्ली मोबाइलमुळे माझं लक्षच लागत नाही' हे एडीएचडी नव्हे. हा फरक डोक्यात ठेवा.

आता दाव्याचे चार दुवे सुटे करू.

पहिला दुवा: एडीएचडी म्हणजे जास्त सर्जनशीलता?

इथे बहुतेक वेळा होली व्हाइट आणि प्रीती शाह यांचा २००६ चा पेपर पुढे केला जातो. त्यांनी ९० कॉलेज विद्यार्थी घेतले, निम्मे एडीएचडी असलेले आणि निम्मे नसलेले. त्यांना दोन प्रकारची कामं दिली.

पहिलं काम होतं एखाद्या साध्या वस्तूचे जमतील तेवढे वेगळे उपयोग सांगण्याचं. याला डायव्हर्जंट थिंकिंगची चाचणी म्हणतात, म्हणजे एका प्रश्नातून अनेक दिशांना फुटणारा विचार. दुसरं काम उलट्या दिशेचं. तीन शब्द देतात आणि तिघांनाही जोडणारा चौथा शब्द शोधायचा असतो. मराठीत उदाहरण करायचं तर चहा, हवा, दाणा. उत्तर 'पाणी': चहापाणी, हवापाणी, दाणापाणी. हे कन्व्हर्जंट थिंकिंग, म्हणजे अनेक शक्यतांतून एका उत्तरावर येणं.

निकाल काय आला? एडीएचडी असलेले विद्यार्थी पहिल्या कामात पुढे होते आणि दुसऱ्या कामात मागे. पेपरात दोन्ही निकाल आहेत. पण पेपर जेव्हा पुस्तकात आणि पुस्तकातून व्हिडिओत जातो, तेव्हा दुसरा निकाल वाटेतच कुठेतरी गळतो. तुम्ही स्वतः कधी आढावा लिहाल तेव्हा मूळ पेपर उघडायचा कंटाळा का करू नये, याचं हे चांगलं उदाहरण. आपल्या कामाचा विचार करा. संशोधनाला दहा कल्पना सुचाव्या लागतात हे खरंच, पण त्या दहांतून एक निवडून नऊ सोडून द्याव्या लागतात. त्याशिवाय सिनॉप्सिस तयार होत नाही.

मग २०२० साली मार्टीन हूगमन आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ३१ वर्तन-अभ्यास एकत्र पाहिले. त्यांना दिसलं ते असं: ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं जास्त आहेत पण निदानापर्यंत जात नाहीत, अशांमध्ये डायव्हर्जंट थिंकिंग वाढलेलं बहुतेक अभ्यासांत आढळतं. ज्यांना प्रत्यक्ष निदान झालंय त्यांच्यात तसा पुरावा मिळत नाही. मात्र प्रत्यक्ष आयुष्यातल्या सर्जनशील कामगिरीचं प्रमाण दोन्ही गटांत चांगलं दिसतं. कन्व्हर्जंट थिंकिंग वाढल्याचा पुरावा कुठेच नाही.

मघाची व्याख्या इथे कामाला येते. 'एडीएचडीवाले सर्जनशील असतात' या वाक्यातले 'एडीएचडीवाले' नेमके कोण? प्रश्नावलीत जास्त गुण मिळालेले, की दवाखान्यात निदान झालेले? पेपर वाचताना पद्धतीच्या भागात सॅम्पल कसं निवडलं ते आधी वाचा. पुष्कळशी भांडणं तिथेच मिटतात.

मापनाबद्दल आणखी एक गोष्ट. 'वेगळे उपयोग' छापाच्या चाचण्यांत उत्तर किती मौलिक आहे हे बऱ्याचदा त्या सॅम्पलमध्ये ते किती दुर्मिळ आहे यावरून ठरवतात. समजा मी पंढरपुरात विटेचे उपयोग विचारले. 'विठ्ठलाला उभं राहायला' हे उत्तर इतके जण देतील की त्याला मौलिकतेचे गुण जवळपास मिळणारच नाहीत. तेच उत्तर परदेशातल्या एखाद्या कॉलेजात एकट्या मराठी मुलीनं दिलं, तर ती तिथली सगळ्यात मौलिक ठरेल. माणूस तोच, उत्तर तेच, गुण वेगळे. चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्यातला गुण आणि 'सर्जनशीलता' हा मोठा शब्द यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढायची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते.

दुसरा दुवा: ध्यानाने एडीएचडीत लक्ष सुधारतं?

इथे पुरावा आहे, आणि तो टप्प्याटप्प्याने कसा उभा राहिला हे बघण्यासारखं आहे.

२००८ मध्ये लिडिया झिलोव्स्का आणि सहकाऱ्यांनी ८ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम करून पाहिला. एकूण ३२ जण होते, २४ प्रौढ आणि ८ किशोरवयीन. एडीएचडी लक्षात घेऊन कार्यक्रम आखलेला होता: बसून करायचं ध्यान थोड्याच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचं. ३२ पैकी २५ जणांनी तो पूर्ण केला. त्यांनी स्वतः सांगितलेली लक्षणं कमी झाली आणि लक्षाच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली.

हा अभ्यास सगळीकडे उद्‌धृत होतो. पण त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की तो फीजिबिलिटी स्टडी आहे, म्हणजे 'हे करणं शक्य आहे का' एवढंच तपासणारा. त्यात कंट्रोल ग्रुप नव्हता. जे ७ जण सुटले त्यांचाही विचार करा. एडीएचडीच्या अभ्यासात, ज्याला बसणं सगळ्यात जड जातं तोच आधी सुटण्याची शक्यता जास्त. संशोधकांनी काही लपवलेलं नाही. त्यांनी 'जमतं' म्हटलं आणि पुढच्यांनी त्याचं 'चालतं' केलं.

मग जॉन मिचेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २० प्रौढांवर प्रयोग केला: ११ जणांना प्रशिक्षण, ९ जण प्रतीक्षायादीत. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या स्वतःच्या नोंदी आणि तज्ज्ञांचं मूल्यमापन, दोन्हींत चांगली सुधारणा दिसली. प्रयोगशाळेतल्या कार्यकारी क्षमतेच्या चाचण्यांत मात्र दिसली नाही.

२०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये बराच मोठा अभ्यास झाला. १२० प्रौढ, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सोबत माइंडफुलनेसवर आधारित थेरपी, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. कोण कुठल्या गटात आहे हे मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांना माहीत नव्हतं. ३० टक्के किंवा त्याहून जास्त लक्षणं कमी झालेले लोक थेरपीच्या गटात २७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ४ टक्के. हा फरक खरा आहे, त्याला कमी लेखू नका. पण त्याची दुसरी बाजूही वाचा: थेरपी घेतलेल्या चारांपैकी जवळपास तिघांना तो टप्पा गाठता आला नाही. 'मी ध्यान करून पाहिलं, मला फरक पडला नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, व्यवस्थित आखलेल्या कार्यक्रमातसुद्धा बहुतेकांना तो टप्पा गाठता आला नव्हता.

आणि आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत शिकवणारा अभ्यास, जर्मनीतला, २०१८ चा. औषध न घेणारे ८१ प्रौढ. एका गटाला ८ आठवडे माइंडफुलनेस. दुसऱ्या गटाला तेवढाच काळ सायकोएज्युकेशन, म्हणजे एडीएचडी काय असतं, रोजच्या जगण्यात ते कसं हाताळायचं, याची गटात बसून माहिती. दोन्ही गटांची लक्षणं कमी झाली. दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही.

इथे थांबा. यातून 'ध्यान निरुपयोगी आहे' असा निष्कर्ष निघतो का? नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच उपयोगी असतील, हे शक्य आहे. आठवड्याला एकदा आपल्यासारख्याच माणसांत बसणं, कुणीतरी गंभीरपणे ऐकून घेणं, यानेच दोन्हीकडे फरक पडला असेल, हेही शक्य आहे. आणि माणूस उपचाराला येतो तेव्हा त्याची अवस्था बहुधा सगळ्यात वाईट असते, नंतर ती काही न करताही थोडी सावरते, हेही शक्य आहे. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. काहीच न मिळालेला तिसरा गट नसेल तर या तीन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

कंट्रोल ग्रुप कशाला हवा, हा प्रश्न आरआरसीसमोर हमखास येतो. तेव्हा हा अभ्यास आठवा. तुम्ही कशाशी तुलना करता यावर तुमचं उत्तर ठरतं. 'काहीच नाही'शी तुलना केली तर ध्यान जिंकतं. 'दुसरं काहीतरी बरं'शी तुलना केली तर बरोबरी होते.

तिसरा दुवा: ध्यानाने सर्जनशीलता वाढते?

इथे २०१२ चा लोरेन्झा कोल्झाटो आणि सहकाऱ्यांचा पेपर येतो, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातला. त्यांनी ध्यानाचे दोन प्रकार वेगळे धरले. एकात श्वासासारख्या एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं. दुसऱ्यात कशावरही लक्ष न रोवता मनात जे येईल ते नुसतं बघायचं. दुसऱ्या प्रकारानंतर डायव्हर्जंट थिंकिंगची कामगिरी सुधारली. पहिल्या प्रकारानंतर कन्व्हर्जंट थिंकिंग सुधारेल अशी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही.

सॅम्पल किती? १९ जण. कोण? ध्यानाचा आधीपासून सराव असलेले. एडीएचडीचा या अभ्यासाशी संबंध नाही. सराव असलेल्या माणसांचा एका बैठकीनंतरचा निकाल, आणि ज्याला पाच मिनिटं बसताना अंगावर काटे येतात अशा माणसाला दिलेला सल्ला, यांच्यात पूल नाही. तरी पुस्तकातल्या परिच्छेदात ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बसवली, की वाचणाऱ्याला पूल दिसायला लागतो.

उलट दिशेचाही पुरावा आहे. क्लेअर झेडेलियस आणि जोनाथन स्कूलर यांच्या २०१५ च्या पेपरात, स्वभावतःच जास्त माइंडफुल असलेल्यांची कामगिरी 'अचानक सुचलं' अशा वाटेनं कोडी सोडवताना कमी भरली. आता दाव्यातली अंतर्गत ओढाताण बघा. पहिला दुवा म्हणतो की भटकणारं मन हीच एडीएचडीवाल्याची सर्जनशील ताकद. दुसरा म्हणतो की ध्यानाने मनाचं भटकणं कमी होतं आणि ते चांगलं. मग ध्यानाने ताकद वाढली की घटली? दोन्ही वाक्यं एकाच वेळी वापरायची असतील, तर किती भटकणं, कधी, कुठल्या कामात, हे सांगावं लागेल. तेवढं स्पष्ट कुणी सांगत नाही.

आपल्या भाषेत हा गोंधळ आणखी सहज होतो. मराठीत 'ध्यान देणं' आणि 'ध्यान करणं' यांत शब्द एकच आहे. वर्गात ज्या मुलाला 'तुझं ध्यान कुठंय?' म्हणून ओरडा बसतो, त्याला पुढे 'मग ध्यान कर' हा सल्ला मिळतो, आणि तो अगदी तर्कशुद्ध वाटतो. जे कमी आहे तेच वाढवायला सांगितलंय ना! पण शब्द एक असला म्हणून क्रिया एक होत नाही. शिवाय 'ध्यान' म्हटल्यावर आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर येतं, जिथे मौन पाळून दिवसाचे तासन्‌तास बसायचं असतं. वरच्या अभ्यासांतला, थोड्या मिनिटांपासून वाढवत नेलेला कार्यक्रम ही फार वेगळी गोष्ट आहे. त्या अभ्यासांचे निकाल दाखवून कुणाला दहा दिवसांच्या शिबिराला पाठवणं, किंवा उलट शिबिराचा अनुभव सांगून ते अभ्यास खोडणं, दोन्ही चूक. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'ध्यान' हा चल असेल, तर कुठलं ध्यान, किती मिनिटं, किती आठवडे, कोण शिकवणार, हे कार्यात्मक व्याख्येत लिहिलंच पाहिजे.

चौथा दुवा: सवयी

'२१ दिवसांत सवय लागते' हे वाक्य संशोधनातून आलेलं नाही. ते मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातल्या एका निरीक्षणापासून सुटलं आणि वाढत गेलं. आता त्याची जागा '६६ दिवस' या आकड्याने घेतलीय. तो खऱ्या अभ्यासातला आहे, म्हणून त्याच्याकडे जरा नीट बघू.

फिलिपा लॅली आणि सहकारी, लंडन, २०१०. ९६ जणांनी खाणं, पिणं किंवा व्यायाम यातली एक छोटी कृती रोज ठरलेल्या प्रसंगी करायची, असं १२ आठवडे चाललं. कृती किती आपोआप होते याची नोंद प्रत्येक जण रोज करत होता. ८२ जणांकडून पुरेशी माहिती मिळाली. त्यांतल्या फक्त ३९ जणांच्या नोंदी गणिती वक्राशी नीट जुळल्या. ६६ दिवस हा त्या ३९ जणांचा मध्यक. व्याप्ती १८ ते २५४ दिवस. आता १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. मग २५४ आले कुठून? वक्र पुढे वाढवून. म्हणजे तो आकडा मोजलेला नाही, अंदाजलेला आहे. पेपरात हे सगळं स्वच्छ लिहिलंय.

या अभ्यासाच्या निमित्ताने दोन गोष्टी मात्र आपल्याला उपयोगी आहेत. एक, या अभ्यासात एखादा दिवस चुकला तर सवय बनण्यावर फारसा परिणाम झाला नाही. दोन, जेवणानंतर फळ खाणं ही सवय होऊ शकते, पण प्रबंधाचं प्रकरण लिहिणं त्या अर्थाने 'आपोआप' कधीच होणार नाही. टेबलापाशी जाऊन बसण्याची सवय लागू शकते. बसल्यावर सुचणं आणि लिहिणं हे दर वेळी मेहनतीचंच राहतं.

एडीएचडीसाठी सवयीपेक्षा जवळचा पुरावा दुसरीकडे आहे. 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा जर-तर योजनेवर पीटर गोल्विट्झर यांनी बरंच काम केलंय. त्यांनी आणि काटेरीना गाव्हरिलोव्ह यांनी २००८ मध्ये एडीएचडी असलेल्या मुलांवर प्रयोग केला. अशी योजना मनात ठरवून दिल्यावर मुलांना प्रयोगातल्या कामात चुकीची कृती वेळेवर रोखणं जास्त चांगलं जमलं.

प्रौढांसाठी दोन भक्कम चाचण्या, दोन्ही २०१० च्या आणि दोन्ही अमेरिकेतल्या. मेरी सोलान्टो यांच्या चाचणीत ८८ प्रौढ होते. एका गटाला १२ आठवडे वेळ, नियोजन आणि कामांची मांडणी यांची कौशल्यं शिकवली, दुसऱ्याला तेवढाच वेळ आधारगट दिला. कौशल्यांचा गट पुढे गेला. स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या चाचणीत औषध चालू असूनही लक्षणं राहिलेले ८६ प्रौढ होते. एका गटाला कॅलेंडर, कामांची यादी, मोठ्या कामाचे तुकडे करणं, विचलन हाताळणं असं शिकवणारी थेरपी. दुसऱ्याला शरीर-मन शिथिल करण्याचं प्रशिक्षण आणि माहिती. लक्षणांच्या मापनपट्टीवर चांगला प्रतिसाद मिळालेले पहिल्या गटात ६७ टक्के, दुसऱ्यात ३३ टक्के.

काय वेगळं दिसतंय? इथे तुलना 'काहीच नाही'शी नव्हती. समोर तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष मिळालेला गट होता, आणि तरीही फरक टिकला. शिथिलीकरण आणि माइंडफुलनेस एकच नाहीत, त्यामुळे 'कॅलेंडरने ध्यानाला हरवलं' असं मी म्हणणार नाही. पण इतकं म्हणता येतं: दाव्यातला जो भाग सगळ्यात कमी आकर्षक आहे, यादी आणि कॅलेंडर, तो कडक परीक्षेतून पार पडलाय. आणि मुखपृष्ठावर ज्याचं चित्र असतं त्या ध्यानाची त्याच कडकपणाच्या परीक्षेत बरोबरी झालीय.

मग हाती काय लागलं?

चारही दुवे पुन्हा बघा. पहिल्या दुव्यातले लोक कॉलेजचे विद्यार्थी, दुसऱ्यातले निदान झालेले प्रौढ, तिसऱ्यातले ध्यानाचे सराव असलेले लोक, चौथ्याच्या सुरुवातीचे सर्वसाधारण स्वयंसेवक. मोजमापंही प्रत्येक ठिकाणी वेगळी. आणि मी सांगितलेल्या उपचारांच्या चाचण्यांत 'सर्जनशीलता' हा मुख्य परिणाम म्हणून मोजलेला नाही. मोजलीय ती लक्षणं. साखळीची प्रत्येक कडी थोडीफार मजबूत असेलही, पण कड्या एकमेकींत अडकवलेल्याच नाहीत. नुसत्या ओळीने मांडून ठेवल्यात.

माझं मत विचाराल तर: एडीएचडीत ध्यान करून बघण्यासारखं आहे, नियोजनाची कौशल्यं शिकण्यासारखी आहेतच, आणि 'याने तुमची सर्जनशीलता खुलेल' हे वचन आज कुणालाही देता येत नाही. अशा वचनाचं नुकसान दोन प्रकारे होतं. चालू उपचार सोडून माणूस फक्त आसनावर बसतो, कारण औषधाने कल्पकता मरते असं त्याने ऐकलेलं असतं. हूगमन यांच्या आढाव्यात उत्तेजक औषधांचा सर्जनशीलतेवर एकंदर वाईट परिणाम आढळला नाही, हे इथे सांगायलाच हवं. औषध सुरू करणं, बंद करणं हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्या. दुसरं नुकसान जास्त गुपचूप होतं. अकराव्या दिवशी ध्यान सुटतं, आणि आयुष्यभर 'शिस्तच नाही' ऐकलेला माणूस स्वतःच्या खात्यावर आणखी एक अपयश लिहून ठेवतो. पुराव्यात त्याला काही आधार नाही.

तुमच्यासाठी दोन कामं

पहिलं, विषय शोधणाऱ्यांसाठी. न झालेला अभ्यास आखून बघा. निदान झालेले प्रौढ, शक्यतो संशोधन करणारे विद्यार्थी. तीन गट: माइंडफुलनेस, नियोजन कौशल्यं, प्रतीक्षायादी. परिणाम म्हणून डायव्हर्जंट आणि कन्व्हर्जंट दोन्ही चाचण्या, आणि त्याशिवाय प्रत्यक्ष काम: आठ आठवड्यांत लिहिलेली पानं, ज्यांना गट माहीत नाही अशा परीक्षकांनी तपासलेली. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी. गळती झालेल्यांचा हिशेब आधीच ठरवलेला. गृहीतकं आणि विश्लेषण माहिती गोळा करण्याआधी नोंदवलेलं. हे एका पानात लिहून तुमच्या गाइडना दाखवा. एकट्या पीएचडीला ते झेपणार नाही असं ते म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील. मग त्यातला कुठला तुकडा झेपेल, तो तुमचा विषय.

दुसरं, ज्यांना स्वतःला एडीएचडी आहे त्यांच्यासाठी. एका माणसावरचा प्रयोग करता येतो, आणि तो संशोधनात मान्य असलेला आराखडा आहे. दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा: आज किती वेळ टेबलापाशी होते, किती ओळी झाल्या, नवीन काही सुचलं का. मग एकच गोष्ट बदला. उदाहरणार्थ एक जर-तर योजना: 'सकाळचा चहाचा कप टेबलावर ठेवला, की कालची फाइल उघडून शेवटच्या परिच्छेदाखाली एक वाक्य लिहायचं.' दोन आठवडे हे करा. मग दोन आठवडे ते थांबवा आणि पुन्हा सुरू करा. फरक योजनेमुळे पडतोय की परीक्षा जवळ आल्यामुळे, हे त्या थांबण्यातूनच कळतं. त्यानंतर पाच मिनिटांचं ध्यान असंच वेगळं तपासा. दोन्ही एकदम सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते सांगता येणार नाही.

दिवस चुकेल. नोंदवहीत त्या दिवसासमोर 'चुकला' एवढंच लिहा आणि पुढच्या दिवसाची तारीख टाका. प्रयोगात राहून गेलेल्या नोंदीला गहाळ नोंद म्हणतात. ती मोजतात, तिची लाज बाळगत नाहीत.

पुढच्या लेखात गहाळ नोंदींचं विश्लेषणात काय करायचं ते बघू. तोवर तुमच्या विषयातला असाच एखादा सर्वांना पाठ असलेला आकडा घ्या, त्याचा मूळ पेपर उघडा, आणि तो नेमक्या किती माणसांवर उभा आहे ते मोजून या.